कामठीची खोली

गोंदियाहून येणारी छोट्या रुळांची गाडी बालाघाटच्या फलाटाला लागली, तेव्हा सीताला आधी ढोल ऐकू आले आणि मग माणसं दिसली. निळे झेंडे, झेंडूचे हार, नवी लुगडी नेसलेल्या बाया. अख्खा वॉर्ड लोटला होता. डब्यात तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा, हवालदार हिरालाल गजभिये, पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातून रजेवर घरी येत होता. सरहद्दीवर सुरुंगाने त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला होता.

गुडघा मात्र राहिला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सीताला समोर बसवून नीट सांगितलं होतं, "बाई, हा गुडघा जपा. गुडघा असला तर बनवलेल्या पायावर माणूस बांधावरूनसुद्धा चालतो. गुडघा गेला तर जन्मभर कुबड्या. जखम अजून कच्ची आहे, तिला धक्का नको. वर्षभर तरी मिलिटरी दवाखान्याच्या जवळपास राहा."

सीताने ते मनावर घेतलं होतं. पुण्यातल्या लांबलचक दिवसांत नवरा-बायकोचं दुसरं बोलणंच नव्हतं. हिरालालचा जीव सागरवर होता. तिथे त्याच्या पलटणीचं सेंटर होतं, ओळखीचे लोक होते. पण सागर म्हणजे बालाघाटहून एक दिवस आणि वर एक रात्र. घरून कोणी धावून यायचं म्हटलं तरी येणार कसं? जबलपूर मोठं शहर. दवाखाना एका टोकाला आणि परवडणारी खोली दुसऱ्या टोकाला. राहिली कामठी. गाव लहान, पण छावणी होती, दवाखाना होता, लेकरांना शाळा होती. बालाघाटहून सकाळी निघालेला माणूस गोंदियाला गाडी बदलून दिवस मावळायच्या आत तिथे पोचत होता.

मधे एकदा सासू-सासऱ्यांजवळ ठेवलेल्या लेकरांना भेटायला ती एकटीच पुण्याहून आली, तेव्हा वाटेत कामठीला उतरून तिने खोलीही पाहून ठेवली होती. विणकराच्या विधवेची, तळमजल्याची, उंबरठा नसलेली. घरमालकीण हमीदाबी म्हणाली होती, "एक ही शर्त है बेटी. मियाँ से लड़ना हो तो धीरे लड़ना, दीवार पतली है।" सीता तेव्हा कितीतरी दिवसांनी हसली होती.

आता डब्यातून फलाटावरची गर्दी पाहताना मात्र तिला हसू येईना.

चैतराम सगळ्यात आधी डब्यात शिरला. भरवेलीच्या खाणीत काम करणारा धिप्पाड गडी, वॉर्डाच्या कमिटीचा सेक्रेटरी.

"जय भीम, भाऊ! आज तुमाले जमिनीवर टेकू देत नाई आमी!"

"चैतरामभाऊ, हळू. जखम ओली हाये," सीता म्हणाली.

"हौ वहिनी, हौ!"

असं म्हणता म्हणता त्याने हिरालालला उचललंच. दारातून बाहेर काढताना तो तुटका पाय लोखंडी दांड्यावर आदळला. सीताने ते पाहिलं. खाली चौघांनी हात लावले आणि हिरालाल चैतरामच्या खांद्यावर गेला. तो पडू नये म्हणून चैतरामने नेमका तोच पाय काखेत गच्च दाबून धरला. कुबड्या कोणीतरी झेंड्यासारख्या उंच नाचवत पुढे पळाला.

"उतरवा त्याइले! अव, कोणी आयकता काय? उतरवा!"

ढोल वाजत होते. बायांना वाटलं, सून आनंदाने ओरडते आहे. एकीने तर तिच्याही गळ्यात हार घातला. काली पुतली चौकात मिरवणूक थांबली, घोषणा झाल्या, फटाके उडाले. सीता गर्दीत कोपरं मारत पुढे घुसत होती आणि गर्दी तिला मागे लोटत होती. वर पाहिलं तर हिरालालच्या चेहऱ्यावर फोटोत असतं तसं हसू होतं. ओठ मात्र पांढरे पडले होते.

घरी आल्यावर तिने पँट वर केली. पट्टी रक्ताने भिजली होती. पुण्याच्या सिस्टरने शिकवल्याप्रमाणे तिने पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी खाली घट्ट आणि वर सैल अशी गुंडाळली. हात काम करत होते. तोंड मात्र तिने आवरलं नाही.

"दुखलं न तवा?"

"थोडसं."

"थोडसं? टाके उसवले! अन् तुमी वर बसून हात हालवून राह्यले होते!"

"अव, इतक्या मायेनं उचललं त्याइनं. उतरवा म्हनून कसं सांगू?"

"तोंडानं. आनखी कशानं सांगतेत? पलटनीत सुभेदाराले तोंडावर बोललो म्हनता. अन् चैतरामपुढं काहून जीभ उचलत नाई?"

हिरालाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रात्री त्याला ताप भरला.

गावातल्या डॉक्टरने जखम साफ केली, इंजेक्शन दिलं आणि हात धुताना सरळ सांगून टाकलं, "घुटना बचाना है तो यहाँ मत बैठिए। ये मेरा काम नहीं है।" दोन-तीन दिवसांनी ताप उतरला, पण कडांची लाली गेली नाही. सीता रोज ती लाली पाही. वर सरकली का, गुडघ्याच्या वाटीपासून किती दूर आहे, हे बोटाने मापून पाही. तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

घरात दुसरंच चाललं होतं. तिचे सासरे डोमाजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळा वॉर्ड त्यांना गुरुजी म्हणे. संध्याकाळी ओसरीवर ते अजून लेकरं जमवत. चिंचोके मांडून बेरीज शिकवत. एखाद्याला दहादा सांगून कळलं नाही तर अकराव्यांदा तितक्याच गोडीने सांगत. लेकरावर हात उगारलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सीताने कामठीचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी तिलाही तसंच समोर बसवलं.

"पाह्य सुनबाई, तुले मी सोपं करून सांगतो."

या एका वाक्याने तिच्या अंगाची लाही झाली.

"कामठी परकं गाव. इथे आपले लोक हायेत. रात्री-बेरात्री हाक मारली तं वीस जन धावतेत."

"मामाजी, त्या वीस जनाइनंच पाय फोडला."

"चुकून झालं, सुनबाई. मायेपोटी झालं."

"झालं कशानं ते मी इचारून नाई राह्यले. आता गुडघा कसा वाचन ते सांगा."

गुरुजी शांत हसले. "आपन कमिटीत ठेवू इषय," ते म्हणाले. वॉर्डात रीत तशीच होती. घरातली मोठी गोष्ट रविवारी वंदनेनंतर विहारात सगळ्यांसमोर ठेवायची. पोरीचं लग्न असो, भावाभावांची वाटणी असो, चार शहाणी माणसं बोलत आणि घरचे ऐकत. या रीतीने वॉर्डातली कितीतरी भांडणं कोर्टाबाहेर मिटली होती, हे सीतालाही ठाऊक होतं. पण इथे भांडण नव्हतं. इथे जखम होती.

रविवारी विहार भरलं. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, हिरालाल पुढे खुर्चीवर. गुरुजी उभे राहिले आणि वर्गात मोजतात तसं बोटांवर मोजू लागले. पहिलं, विहाराच्या बाजूची जागा समाज हिरालालला घरासाठी देतो. दुसरं, घर श्रमदानातून बांधू, कोणाचे उपकार नकोत. तिसरं, पुढच्या नगरपालिकेला आपल्या वॉर्डातून त्याच्यासारखा माणूस उभा राहावा. प्रत्येक बोटाला माना हालल्या. शेवटी त्यांचा आवाज जरा ओलसर झाला. "आपले पोरं शिकतेत अन् जातेत. कोनी भिलाईले, कोनी नागपूरले. एखादा तं इथं राहो. लहान्या लेकराइले दाखवाले एखादा तं आपल्या डोळ्यापुढं पाह्यजे."

बाया डोळे पुसू लागल्या. सीताच्या शेजारी बसलेली तिची सासू शेवंताबाईही. ते बोलणं खोटं नव्हतं, हे सीतालाही कळत होतं. म्हणूनच तिला जास्त चीड आली. इतकं सगळं बोलले आणि एकाही बोटावर गुडघा नव्हता.

"भाऊ, तुमी सांगा," कोणीतरी म्हणालं.

हिरालालने सगळ्यांकडे पाहिलं, बायकोकडे तेवढं पाहिलं नाही. "आता तुमी सगळे म्हनता तं... पाहू," तो म्हणाला.

चैतराम टाळी वाजवून उठला. "पाहू म्हंजे झालंच! अन् सव्वीस जानेवारीले सत्कार. भाऊले खांद्यावर घेऊन पुऱ्या गावाले चक्कर मारू. ह्या टाइमाले बँड गोंदियाचा!"

हशा झाला, टाळ्या पडल्या. आणि सीताला दिसलं की टाळ्या वाजत असताना हिरालालचे दोन्ही हात आपसूक गुडघ्यावर गेले होते. लेकरू डोक्यावर मार चुकवायला हात धरतं तसे.

ती उभी राहिली.

"बस व," शेवंताबाईंनी पदर ओढला.

"नाई बसत, आत्याबाई." ती पुरुषांच्या बाजूला वळली. "चैतरामभाऊ, सव्वीस जानेवारीची वाट कायले पाहता? आत्ताच उचला न. या."

"आत्ता?" चैतराम हसला.

"हौ. इथून त्या दरवाजापर्यंत. तुमच्या खांद्याले काय जड हाये?"

चैतरामला गंमत वाटली. तो बाह्या सावरत पुढे आला, वाकला आणि त्याने हात पुढे केले.

"नोको!"

हिरालाल ओरडला. खुर्ची मागे घसरली, एक कुबडी खाली पडली. हवालदाराचा तो आवाजच नव्हता. पुढे बसलेल्या एका लहान पोरीने रडायला सुरुवात केली, तिला तिच्या आईने जवळ घेतलं.

"काय झालं रे?" गुरुजींनी विचारलं.

"दुखते, बाबा." हिरालालला धाप लागली होती. "त्या दिवशीबी दुखलं. स्टेशनापासून घरापर्यंत. वाटलं, वरच जीव जाते आता."

चैतरामचा चेहरा उतरला. "तं सांगाचं न, भाऊ! मी काय दुश्मन हाओ?"

"ही बोंबलून सांगतच होती," हिरालाल म्हणाला. पहिल्यांदाच त्याने सीताकडे पाहिलं. "तुमी नाई आयकलं. मीबी नाई आयकलं. मले बरं वाटून राह्यलं होतं, हार पडून राह्यले होते म्हनून." मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, गुडघा जाते काय राह्यते, ते दवाखान्यातच समजन. मी कामठीले जातो."

गुरुजींची मोजायला उघडलेली बोटं अजून तशीच होती. मग त्यांनी ज्या आवाजात कधी कुठल्या लेकराला हाक मारली नव्हती, त्या आवाजात म्हटलं, "जा! सगळेच जा! ज्याले अक्षर दाखवलं तो गेला. आता पोटचाबी जा!"

"मामाजी, इथंच बसून राहा म्हनून शिकवलं होतं काय तुमी त्याइले?"

"तोंड सांभाळून बोल, सीता!"

"सांभाळूनच आनलं होतं पुण्याहून," ती म्हणाली. "तोंडबी अन् गुडघाबी. दोन्ही या गावात सुटलं."

गुरुजी चपला न घालताच विहाराच्या पायऱ्या उतरून गेले.

जायच्या सकाळी चैतरामने खाणीच्या ठेकेदाराची जीप आणली. गाडी बदलायची दगदग नको, थेट कामठीला सोडून ये, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं त्याने. शेवंताबाईंनी तांदळाचं गाठोडं बांधलं, चटणी दिली आणि हळूच विचारलं, "खोलीत नळ हाये न व?"

"अंगनात हाये."

"मंग तं मी येईन पाहाले. हे रुसून बसले तं बसू दे."

गुरुजी ओसरीवर, रस्त्याकडे पाठ करून बसले होते. सीता त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांना पावलं कळली असावीत. वळून न पाहता ते सावकाश म्हणाले, "पाह्य सुनबाई, तुले अजून एक डाव सोपं करून..."

"नाई, मामाजी. आज नाई."

ती पाया पडली नाही. वाईट वाटलं, पण पडली नाही.

जीपजवळ माणसं जमली होती. चैतरामचे हात सवयीने पुढे आले. सीताने नुसतं पाहिलं, तसे त्याने ते पाठीमागे बांधून घेतले. हिरालालने जीपला पाठ लावली, सीटवर टेकला, मग आपला पाय आपल्याच दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवला. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. लेकरं मागे चढली, सीता त्याच्या बाजूला बसली आणि जीप निघाली.

वैनगंगेचा पूल मागे पडला, तरी ती नुसती उशीकडेच पाहत होती.

"अजून राग हाये काय?" हिरालालने विचारलं.

"हौ."

"बाबावर?"

"त्याइच्यावर. चैतरामभाऊवर. अन् सगळ्यात जास्त तुमच्यावर."

"कामठीपर्यंत उतरन काय?"

खड्ड्यात जीप हिंदकळली. सीताने उशी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "भैया, धीरे!" मग ती नवऱ्याकडे वळली.

"रागाचं मंग पाहू. आधी दवाखाना."