इंडियमचे दोन ठिपके

सकाळी साडेदहाला नमुना डबीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि माझी नजर जोडांवरच अडकली. स्फटिकावर चार बारीक तारा चिकटवलेल्या होत्या. दोन तारांच्या बुडाशी चांदीच्या लेपाचा खरखरीत, करडा थर होता. उरलेले दोन ठिपके मात्र चकचकत होते. चांदीचा लेप वाळल्यावर असा चकचकत नाही. इंडियम चकचकतं, शिशासारखा मऊ धातू आहे तो.

मग आठवलं. चार महिन्यांपूर्वी लेपाची बाटली तळाला गेली होती आणि दोन तारा काही केल्या चिकटेनात. तेव्हा ‘तात्पुरतं’ म्हणून मीच इंडियमचे मऊ कण टूथपिकने दाबून बसवले होते. उद्या बदलू म्हटलं. तो उद्या काही उजाडला नाही.

वही उघडली. त्या तारखेपुढे ‘जोड’ या रकान्यात माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: चांदी. मला एक घाणेरडी सवय आहे. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीचे रकाने मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवते, वेळ वाचतो म्हणून. चांगला वाचला वेळ!

एवढं घाबरण्यासारखं काय, ते सांगते. आमचा स्फटिक उणे दोनशे सत्तर अंशांच्या आसपास नेला की अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज अजिबात अडथळा न येता वाहते. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांचं, म्हणजे सरांचं म्हणणं, त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या अशा काही अवस्था आहेत ज्या आत गाभ्यात नाहीतच. घरातल्या सगळ्यांनी खोल्या सोडून गॅलरीत येऊन उभं राहावं, तसं. त्या असतील तर आलेखात बरोबर शून्य व्होल्टला एक टोकदार शिखर येतं. आमच्या आलेखात ते आलं होतं. सर आठवडाभर शीळ घालत फिरत होते, आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका शिखरावर उभं होतं. पण इंडियमही जवळपास त्याच तापमानाला अतिवाहक होतं, आणि तसलंच शिखर तेही देऊ शकतं.

फरक कळायला चुंबक लागतो. इंडियम नाजूक, जरासं चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याची अतिवाहकता संपते. आमचा स्फटिक त्याच्या पन्नासपट क्षेत्र सहज सोसतो. ही चाचणी केव्हाच व्हायला हवी होती, पण चुंबकाचा वीजपुरवठा दुरुस्तीला गेला होता. तो कालच परत आला होता. आणि आज चार वाजता मोठ्या सभागृहात याच शिखरावर सरांचं व्याख्यान होतं.

तेवढ्यात आईचा फोन.

“अगं, ते कार्यक्रमाचं लिंक की काय, ते मामाने लावून दिलंय. सगळे बसणार आहोत बघायला. तू दिसशील ना?”

“नाही गं, सर दिसतील. मी मागे बसणार.”

“बरं. जेवून घे आधी.”

हो म्हणाले. डबा मात्र उघडलाच नाही.

आमच्याकडे द्रवरूप हेलियम भरणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे फुगेवाले काका म्हणतात. त्यांनी टाकीची पातळी पाहून मान हलवली. “पोरी, तीनपर्यंत टिकेल. पुढचं हेलियम पुढच्या महिन्यात. आजच कशाला जिवाचा आटापिटा? भाषण तर सरांचं आहे.”

खरंच होतं त्यांचं. आज नाही मोजलं तर कोणी विचारणार नव्हतं. नमुना डबीत परत ठेवायचा, वहीत चांदी आहेच. हा विचार माझ्या मनात आला, आणि एकदा नाही, चांगला तीनदा आला. मला स्वतःची लाज वाटली, पण तरी तो जाईना.

“भरा, काका,” मी म्हणाले.

अडीच वाजता नमुना थंड झाला. शिखर आलं, नेहमीसारखं देखणं. मी चुंबकाचं बटण अगदी थोडं फिरवलं. शिखर ठेंगणं झालं. आणखी थोडं फिरवलं. रेघ सपाट झाली. क्षेत्र काढलं, शिखर परत आलं. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. सात वेळा केलं मी ते. आठव्यांदा मागे सर उभे होते.

“कितीला गेलं?”

मी आकडा सांगितला. इंडियम जिथे हार मानतं, नेमका तोच. तो आकडा ऐकला की आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

“वहीत तर चांदी आहे,” सर हळूच म्हणाले.

“मी आदल्या दिवशीच लिहून ठेवते, सर. दोन जोड इंडियमचे आहेत.”

ते खुर्चीत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी खोडायला पेन उचललं, तर त्यांनी हात आडवा केला. “खोडू नकोस. खाली आजची तारीख टाक आणि काय झालं ते लिही. आणि हा सपाट आलेख मला दे.”

चार वाजता सरांनी पडद्यावर आधी शिखर दाखवलं. पुढच्या रांगेतले लोक सरसावून बसले. मग सपाट रेघ दाखवली. “शिखर बहुधा इंडियमचं होतं,” सर म्हणाले. “पृष्ठभागावर आमच्या त्या अवस्था आहेत की नाहीत, हे आज मला माहीत नाही. चूक माझ्या प्रयोगशाळेची.” पन्नास मिनिटांचं व्याख्यान बारा मिनिटांत संपलं.

एक बाई उठल्या. “तुमच्या वहीत काय नोंद होती?”

सर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे मला कळलं, आणि तेच मला सोसेना. मी उभी राहिले. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला.

“चांदी,” मी म्हणाले. “जोड करायच्या आधीच लिहिली होती. मीच.”

सर म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

मी खाली बसले. फोन घरघरला, आईचा निरोप होता: “दिसलीस. काय बोललीस ते नीट कळलं नाही, पण आवाज कापत होता तुझा. जेवली नाहीस ना?”