उडोची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण माझी कीव करायला कोणी येऊ नका. माळ्यावर धूळ खात पडतात त्या खुर्च्या वेगळ्या. मी कोलोन शहरातल्या 'तिरकी टोपी' नावाच्या बारमध्ये खिडकीशी, भर उजेडात उभी असते. गेली तीसेक वर्षे, एक अपवाद सोडला तर, माझ्यावर कोणी बसलेले नाही. बसू दिलेलेच नाही!

माझा जन्म ऱ्हाईनकाठच्या एका सुताराकडे झाला. हात चांगला होता त्याचा, पण स्वभाव उतावळा. त्यामुळे माझा मागचा एक पाय कणभर आखूड राहिला. अशी डुगडुगती खुर्ची कोण घेणार? गिटाने घेतली. गिटा म्हणजे बारची मालकीण. तिचे प्रेम बायकांवर, आणि शिव्या मात्र सगळ्यांना सारख्या.

तिच्याकडे पुरुषांवर जीव लावणारे पुरुष येत, बायकांवर जीव लावणाऱ्या बायका येत. दिवसभर बाहेर जपून बोलणारी ही माणसे इथे आली की पोट धरून हसत. तरी त्या काळी दाराला आतून कडी होती आणि खिडकीला जाड पडदा. बेल वाजली की गिटा आधी दाराच्या भोकातून बघायची, मगच दार उघडायची.

उडो माझ्यावर बसायचा. तो ट्राम चालवायचा. बसला की मागे रेलायचा आणि मला मागच्या दोन पायांवर झुलवायचा. माझा जीव टांगणीला लागे, पण मला ते आवडायचेही. बारवरून ट्राम नेताना तो रोज दोनदा घंटा द्यायचा.

"गिटा, मी घंटा देतो तेव्हा तुम्ही लोक हात तरी हलवता का? मला दिसणार कसं? मध्ये तुझा हा पडदा!" एकदा तो म्हणाला.

"पडदा आहे म्हणून सुखानं पितोयस, गाढवा."

"पडदे झोपायच्या खोलीत लाव. मला माझ्या हार्टमुटला बघायचंय."

हार्टमुट त्याचा जोडीदार. कार्निव्हलचे पोशाख शिवणारा शिंपी, अगदी अबोल. तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या रविवारी मात्र तोच कात्री घेऊन आला, त्याने पडदा कापून उतरवला आणि त्याचा झगा शिवून उडोला कार्निव्हलमध्ये मिरवले. थोड्याच दिवसांत कोणीतरी खिडकीवर दगड मारला. गिटाने नवी काच बसवली, पण पडदा लावला नाही.

आमच्याकडे बिअर लहान ग्लासात देतात. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. पुरे म्हणायचे असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. उडो कधीच ठेवत नसे. "चकती ठेवायला मी काय म्हातारा झालोय?" असे म्हणायचा.

म्हातारा व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. एड्सने तेव्हा आमच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या केल्या. तो गेला तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला गावी नेले आणि आजाराचे नाव दडवले. हार्टमुट पुष्पचक्र घेऊन अंत्यविधीला गेला, तर वडिलांनी त्याला दफनभूमीच्या फाटकाशीच अडवले. "फक्त घरचे लोक," ते म्हणाले. तो पुष्पचक्र घेऊन परत आला आणि त्याने ते माझ्या पाठीला टांगले. मला त्या दिवशी फार राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

गिटाने सवयीने माझ्यासमोर ग्लास ठेवला. त्यावर चकती ठेवायला कोणाचाच हात उठला नाही. तेव्हापासून दर रविवारी माझ्यासमोर ताजा ग्लास येतो.

गेल्या वसंतातल्या एका रविवारी दुपारी एक अनोळखी म्हातारी आत आली आणि थेट माझ्यावर बसली. सगळे बघतच राहिले. मग ती मागे रेलली आणि झुलायला लागली. मित्रांनो, मला कोणी सांगायची गरजच उरली नाही. हे झुलणे एकाच घरातले!

तेवढ्यात तिने चकती उचलली आणि समोरच्या ग्लासवर ठेवली.

"अहो बाई!" गिटा ओरडली. "काय केलंत हे?"

"माशी पडत होती हो त्यात," म्हातारी घाबरून म्हणाली. "मी लीसबेथ. उडोची बहीण. हार्टमुट कोण?"

"मी," हार्टमुट म्हणाला. आता तो ऐंशीचा आहे.

"गावातल्या कबरीची भाड्याची मुदत संपलीय. जागा दुसऱ्याला देणार, त्याच्या नावाचा दगड फेकून देणार. विचारायला घरचं दुसरं कोणी उरलं नाही. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"त्या दिवशी फाटकाशी तुम्ही वडिलांच्या शेजारीच उभ्या होतात."

"होते."

"एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोलले." तिची मान खाली गेली.

"आणि आता मुदत संपल्यावर भाऊ आठवला होय!" गिटा फणकारली.

हार्टमुटने ग्लासवरची चकती काढली. "इथं चकती ठेवली की पुरे झालं असं समजतात. त्याचं पुरे झालेलं नाही. तुमच्या गावात मुदत संपली असेल, इथं संपत नाही. उठा त्या खुर्चीवरून."

ती उठली आणि पर्स सावरत दाराकडे वळली.

"तिकडं कुठं?" हार्टमुटने काठीने शेजारची खुर्ची ओढली. "इथं बसा. घरचे लोक या बाजूला बसतात. आणि गिटा, तो दगड आणायची सोय कर. खिडकीत ठेवू, लोकांना दिसू दे."

गिटा पुटपुटत दोन ग्लास घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवला, एक लीसबेथसमोर.

तो दगड आता माझ्या शेजारी खिडकीत आहे. नाव रस्त्याच्या बाजूला.

मित्रांनो, खुर्च्यांची काळजी घ्या, असे माझ्यासारख्या सगळ्याच सांगतात. मीही सांगते, पण माझे ऐकाल तर मला रंग देऊ नका आणि आखूड पायाखाली काही सरकवू नका. ती डुगडुग उडोची आहे. कधी 'तिरकी टोपी'त आलात तर कुठेही खुशाल बसा. मात्र खिडकीशी रिकाम्या खुर्चीसमोर भरलेला ग्लास दिसला, तर त्याच्यावर चकती ठेवू नका. माशी बसली तर बसू द्या.