मावशीची गाठ

ती शाळांचे गणवेश शिवायची. सेहेचाळिसाव्या वर्षी दोन पाळ्यांच्या मधेच डाग पडू लागले, तेव्हा "वयाचं असेल" म्हणत तिने चार महिने अंगावर काढले. शेवटी सोनोग्राफी झाली. गर्भाशयात मटाराएवढा पॉलिप निघाला.

"कोंबासारखी वाढ असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा निरुपद्रवी. दुर्बिणीतून काढू आणि तपासायला पाठवू. घरात कुणाला कॅन्सर?"

"आईला, गर्भाशयाचा. एक्कावन्नाव्या वर्षी गेली. मामाला आतड्याचा, तो तिच्याही आधी."

"मावशी?"

"मावशी ठणठणीत. तिला सर्दीसुद्धा घाबरते."

पॉलिप काढला. आठवड्याने रिपोर्ट आला, साधाच होता. ती पिशवी उचलून निघालीच होती, पण डॉक्टरीणबाई फाईल मिटेनात. "पॉलिपचं मिटलं हो. मला तुमच्या घराण्याची काळजी आहे. गर्भाशय आणि आतडं, दोन्हींच्या कॅन्सरचा एकच जनुकीय दोष रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येऊ शकतो. ज्याला आजार झालाय त्याचं रक्त आधी तपासलं, तर नेमकं कळतं. पण तुमची तर दोन्ही माणसं गेली."

संध्याकाळी तिने मावशीला खुशाली कळवायला फोन केला आणि बोलता बोलता हेही सांगितलं.

"चिमे, माझी गर्भाची पिशवी काढलीय ना..."

"गाठ होती म्हणून. माहितीये."

"कसली गाठ, ते कुणाला सांगितलं नाही. तुझी आई नुकतीच गेलेली, माझ्या दोन मुली लग्नाच्या. लोक म्हणाले असते, या घराला कीड आहे."

"बावीस वर्षं, मावशी! मला ठाऊक असतं तर पहिल्याच डागाला धावले असते."

"ओरड, तुझा हक्क आहे. पण रक्त कुठं द्यायचं ते आधी सांग."

दुसऱ्या दिवशी एकाहत्तर वर्षांची मावशी पहिल्या बसने आली आणि सुईकडे पाठ फिरवून तिने हात पुढे केला. रक्तात दोष सापडला. मग भाचीचं रक्त तपासलं. तिच्यातही तोच दोष होता.

पंधरा दिवस ती शिवणयंत्रावरच बसून राहिली. कापडावर उलट्या बाजूने कॉलर लावली, उसवली, पुन्हा लावली. मग एके दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "गर्भाशय, अंडाशय, दोन्ही काढून टाका. मला मुलं हवी तेवढी झाली." आतड्याची तपासणी मात्र ठरल्या वेळी करत राहावी लागणार होती.

शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागात कुठंच कॅन्सर सापडला नाही. ते ऐकून मावशीने तिच्या खाटेशेजारी बसून पदराने तोंड पुसून घेतलं.

"आता तुझ्या मुलींना सांग," भाची म्हणाली.

मावशीने तिथूनच फोन लावले. थोरलीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. धाकटी आधी रडली, मग आईला वाट्टेल ते बोलली, आणि शेवटी तिने विचारलं, "रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं का?"