हिरव्या साडीवरलं रफू

टीव्हीवर भूकंपाची मालिका लागली व्हती. दहा वर्षं झाली म्हणून. दर रविवारी एक भाग. किल्लारीकडचं एकेक गाव, पडलेली घरं, नवी घरं, माणसं काय बोलत्यात ते.

आमी मंचरजवळच्या कळंबला. मी, आई आन दादा. दादा म्हणजे माझे वडील, दादाभाऊ. आई पीठ मळत मळत बघायची.

तिसऱ्या भागात लंकाबाई आल्या. भूकंपात त्यांची सासू आन थोरली लेक गेली. नव्या घरापुढं उभ्या व्हत्या, अंगावर हिरवी जरीची साडी.

"ट्रकमदनं कापडं आली ती समदी जुनीपानी. मला ही कोरी आली." त्यांनी पदर कॅमेऱ्यापुढं धरला. "हितं बारीक भोक व्हतं. पाठवायच्या आदी कुणीतरी रफू केलं बगा. पिवळ्या दोऱ्याचं पान काढलंय. परक्यासाठी एवढं कोण करतं? त्या माउलीला म्या बहीण मानलंय. घराचा पाया भरला तवा हीच नेसले. धाकटीच्या लग्नातबी हीच."

आईचे हात परातीत थांबले.

"आपली साडी हाय ती."

"गप ए," दादा म्हणले. "जगात हिरवी साडी काय एकच हाय का?"

"पान मी काढलंय."

दादा टीव्हीजवळ सरकले.

आता खरं काय ते सांगतो. माझी शीला चुलती वारली तवा आळे गावच्या पावण्यांनी ती साडी आणली व्हती. प्रेतावर घालायला. आमच्यात पावणे साड्या आणत्यात, प्रेतावर पांघरत्यात, आन सरणावर ठेवायच्या आधी वरच्या काढून घेत्यात. त्या साड्या घरात कुणी नेसत न्हाई, देऊन टाकत्यात. पण ही लई चांगली व्हती. आईचा जीव गुतला. तिनं पेटीत ठेवली. नेसायचं धाडस काय झालं न्हाई. प्रेताजवळच्या उदबत्तीनं भोक पडलं व्हतं, ते झाकायला तिनं पान काढलं.

मग भूकंप झाला. गावात कापडं गोळा करायला ट्रक फिरला. आईनं ती साडी देऊन टाकली. स्पीकरवर पुकारलं, अंजनाबाईंनी कोरी साडी दिली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारपासून आई धड जेवंना. "मयताच्या साडीत तिनं लेकीचं लग्न लावलं," एवढंच म्हणायची.

"मग जाऊन सांग की तिला," मी म्हणलो.

"हे बघा न्यायाधीश!" दादा म्हणले. "दोन बोटांनी कम्प्यूटर बडवतोय आन आईला शिकवतोय. दहा वर्षं ती बाई सुखानं नेसतीय. नेसू दे की."

पण मी मागं लागलो. मला वाटायचं, खरं बोललं की माणूस मोकळा व्हतो.

मंचरला नवी साडी घेतली, हिरवीच. एसट्या बदलत गेलो. गावाचं नाव टीव्हीवर दाखवलं व्हतं, घर सापडलं. आईनं नुसतं सांगितलं, "ते पान मी काढलंय," आन लंकाबाईंनी तिला गच्च मिठी मारली. शेजारच्या बायांना हाका मारल्या. "अगं या गं, माझी बहीण आली!" च्या झाला, पोहे झाले. आईसाठी गोधडी काढली, उशी काढली, चार दिवस ऱ्हायचंच असं ठरवून बी टाकलं. आई नुसती हसत व्हती. शेजारणी गेल्या तवा तिनं नवी साडी पुढं ठेवली आन म्हणली, "चल सुदर्शन, निघू."

"आई, सांग ना," मी म्हणलो.

आईनं माझा हात दाबला. लई जोरात दाबला. तरी मी बोललो. चुलती, आळ्याचे पावणे, उदबत्ती, समदं एका दमात.

लंकाबाई आईकडं बघत ऱ्हायल्या.

"मयताची?"

आईनं मान हलवली.

"आन हे पान?"

"भोक झाकायला," आई म्हणली.

मग लंकाबाई म्हणल्या, "आमची मानसं एकावर एक ठेवून जाळली. माझ्या लेकीच्या अंगावर टाकायला फडकं न्हवतं." त्या उठल्या, आत गेल्या.

आई उंबऱ्यापाशी थांबली. जाताना कुंकू लावत्यात म्हणून. मी चपला घालून अंगणात उभा. आतनं भांड्याचा बी आवाज न्हवता. नवी साडी पाटावर तशीच. शेवटी आईच म्हणली, "चल."

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. नगर गेल्यावर एकदाच बोलली, "तुला कुणी बोलायला सांगितलं व्हतं रं?"

 

मालिकेचा शेवटचा भाग पुढच्या महिन्यात लागला. तीस सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांना गावात फुलं वाहत्यात, त्याचं शूटिंग. आई टीव्हीच्या पार जवळ बसली. दादा बी रानात गेले न्हाईत.

नावं कोरलेल्या दगडापाशी लंकाबाई दिसल्या. अंगावर साधी चॉकलेटी साडी. आमी दिलेली न्हाई, आन ती बी न्हाई.

माइकवाल्या पोरीनं विचारलं, "मावशी, आज ती हिरवी साडी नाही नेसलात? तुमच्या बहिणीची?"

लंकाबाईंनी पदर सावरला.

"धुतलीय," त्या म्हणल्या. "वाळली न्हाई अजून."

त्यांच्या मागं नुसतं रखरखीत ऊन पडलं व्हतं.

दादांनी माझ्याकडं बघितलं आन बाहेर निघून गेले. मला तिथं बसवंना. उठलो.

"बंद करू का गं?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणली. "ती दिसतीय तवर ऱ्हाऊ दे."