जाळीतले जीव

खेमचंद शेठच्या घरात विहिरीचं पाणी सोडून दुसरं पाणी त्याच्या बायकोनं, सूरजबाईनं, चाळीस वर्षांत कोणाच्या तोंडी लागू दिलं नव्हतं. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, ते पाणी धुण्याभांड्याला. प्यायला आणि स्वयंपाकाला नाल्याकाठच्या विहिरीचंच, तेही दुहेरी कापडातून गाळलेलं. गाळून झालं की कापड उलटं धरून, त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, हा घरातला नेम. आता अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, बादली ओढताना धाप लागत होती. सून कृतिका म्हणायची, "आई, पाण्याची कॅन मागवू या ना." सूरजबाई ऐकेल तर शपथ.

त्याच विहिरीवर खालच्या वस्तीतली चाळीस घरं जगत होती. सोयाबीन निघालं की ऊस तोडायला जाणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी ही माणसं. त्यांच्याकडे कॅन मागवायला पैसा नव्हता आणि नळाची वाट बघायला टाकी नव्हती. विहीर होती, एवढंच होतं.

आणि विहिरीला वैरी एकच, तो नाला. नाला म्हणायचं ते जुन्या सवयीनं. वरच्या बाजारातली सगळी गटारं त्यात उतरत आणि सोबत प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे ग्लास, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी, असा सगळा लवाजमा. विहिरीच्या खाली पन्नास पावलांवर रस्त्याखालची मोरी. मोरीच्या तोंडात कचऱ्याचा बोळा बसला की पाणी मागं फुगायचं, आणि मागं विहीर. तीन वर्षांपूर्वी तसंच झालं. नाला विहिरीत शिरला, वस्तीत हगवण लागली, घरोघरी सलाईनच्या बाटल्या खुंटीला टांगल्या गेल्या. सगळा हिवाळा विहीर उपसण्यात गेला. तेव्हाच नगरपंचायतीच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, पुन्हा एकदा नाल्याचं पाणी आत गेलं तर वर स्लॅब टाकून विहीर कायमची बंद.

म्हणून जाळी आली. ती रुपाबाईची कल्पना. रुपाबाई वस्तीतली, गोविंदसिंगची बायको, साफसफाईच्या रोजंदारीवर. विहिरीच्या वरच्या अंगाला नाला जिथं पसरट होतो, तिथं तिनं साहेबांच्या मागं लागून लोखंडी जाळी बसवून घेतली. साखळीला टांगलेली, काठावरच्या चाकानं वरखाली होणारी. पाणी जाळीतून जायचं, कचरा मागं राहायचा. रुपाबाई सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या पंज्यानं तो बाहेर ओढायची, काठावर पसरून पन्न्या वेगळ्या, पुड्या वेगळ्या, ग्लास वेगळे करायची आणि खेमचंदच्या दुकानातल्या मोडक्या तराजूवर तोलून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. चौथी शिकलेली बाई, पण अक्षर ठसठशीत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सत्तर किलो. मग ती ते कॅलेंडर काखोटीला मारून बाजारात जायची आणि चहावाल्यासमोर उभी राहायची. "हे पाय, तुह्याच टपरीचे ग्लास आठ किलो. आता पुढच्या हप्त्यात आठाचे चार झाले नाईत त आनून इथंच ओततो." बाजार तिला हसायचा, पण भ्यायचाही. वर्षाभरात सत्तराचे चाळीस झाले होते. शिकलेल्या साहेबांना जे जमलं नाही ते या बाईनं नुसत्या तोंडाच्या जोरावर केलं होतं, हे कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही.

जाळीत कचऱ्यासोबत जीवही अडकायचे. बेडूक, खेकडे, बोटाएवढे मासे, कधी पाणदिवड. सूरजबाई सकाळी पाण्याला आली की पदर तोंडाला लावून काठावर उभी राहायची आणि रुपाबाई हातानं एकेक सोडवून खालच्या पाण्यात टाकायची. "घ्या काकू, मोजून घ्या तुमचे पाव्हणे," असं म्हणायची. सूरजबाई खरंच मोजायची.

ऑगस्ट सरता सरता रुपाबाईच्या लेकीचा, सुकेशनीचा, मेडशीहून फोन आला. दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या होत्या, जवळ कोणी नव्हतं. गोविंदसिंग कामावर. रजा मागायला वेळ नव्हता. रुपाबाई पिशवी घेऊन शेठच्या दारात आली.

"काकू, साताच्या गाडीनं वापस येतो. नुसती नजर ठेवा. आभाळ भरलं त वस्तीतल्या मोहनसिंगले आवाज द्या, तो पंजा घेऊन येते. चाकाले मातर हात नका लावू. जाळी उचलली का सारा कचरा मोरीत."

"जाय तू. मले काय समजत नाई का?" सूरजबाई म्हणाली.

दुपारी तीनला ती काठावर गेली तेव्हा इकडे ऊन होतं. पाऊस वर, किन्हीराजाच्या बाजूला पडत होता, हे तिला काय माहीत. पाणी मात्र गढूळ होऊन जोरानं यायला लागलं होतं. सकाळपासूनचा कचरा जाळीला टेकून फुगला होता आणि त्यात बेडूक अडकले होते, पिवळेधमक, सात. पन्न्यांत पाय गुंतलेले, पाण्याच्या रेट्यानं जाळीवर दाबले गेलेले. एकाचं पोट वरखाली होत होतं. एकाचं होत नव्हतं.

तिनं वाकून पाहिलं, हात पोचेना. काठी घातली, ती वाहून गेली. मोहनसिंगला हाक मारावी, तर तो पंजा घालणार आणि पंज्याचे दात बेडकांतून जाणार. आणखी एकाचं पोट थांबलं. डोळ्यांदेखत जीव जात होता आणि आपण काठावर उभं राहून बघत होतो, हे तिला सोसवेना. वीतभर उचलू, पाच मिनिटं, तिनं ठरवलं. ते खालून निघून जातील, मग सोडून देऊ. आदल्याच दिवशी रुपाबाईनं चाकाला ग्रीस चोपडलं होतं. णमोकार मंत्र म्हणत सूरजबाईनं चाकाची अडकण काढली, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि चाक फिरलं.

बेडूक गेले, ते तिनं पाहिलं. त्यांच्या मागोमाग सगळा ढीग एकदम खाली शिरला, सपकन, आणि मोरीच्या दिशेनं निघाला. तिनं चाक उलटं फिरवलं. जाळी खाली येईना. कोणीतरी टाकून दिलेली गादी वाहत येऊन बरोबर खाली पाचरीसारखी बसली होती. तिनं चाकाला लोंबकळून पाहिलं, जाळीच्या कडेवर पाय दिला, चप्पल गेली. गादी हलली नाही.

"मोहनसिंग! मोहनसिंग रे!" ती ओरडत वस्तीकडे पळाली. अडुसष्ट वर्षांची बाई अनवाणी पळते म्हणजे काय झालं असेल ते वस्तीला लगेच कळलं.

मग जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मोरीच्या तोंडात बोळा बसला होता आणि पाणी मागं चढत होतं. मोहनसिंग, चंदाबाई, वस्तीतल्या इतर बाया, जो तो घमेली, विळे, हाती मिळेल ते घेऊन उतरला. आता पाऊस इकडेही कोसळू लागला. एक पन्नी ओढावी तर तिच्यामागं दहा येत, आणि दहा काढाव्या तर वरून वीस येऊन बसत. सूरजबाई कमरेएवढ्या त्या घाण पाण्यात उतरली होती. जी बाई कोणाच्या घरचं पाणी पीत नव्हती, ती गटाराच्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून कचरा उपसत होती आणि रडत होती. "वर या काकू, तुमाले झेपनार नाई," चंदाबाई ओरडत होती. सूरजबाईला ऐकू येत नव्हतं. तिची नजर विहिरीच्या कठड्यावर होती. चार हात राहिले. दोन राहिले. वीतभर राहिलं.

कठड्यावरून पहिली धार आत पडली तेव्हा आवाज असा काहीच झाला नाही. बाया हात थांबवून बघत राहिल्या. मग काळं पाणी, त्यावर तरंगणारे ग्लास, पुड्या, सगळं कठड्याच्या वाटेनं निवांत आत जाऊ लागलं.

रुपाबाई सातच्या एसटीनं उतरली आणि स्टँडवरच बातमी लागली म्हणून धावत आली. नातू झाल्याचं ती कोणाला सांगणार होती, ते तिच्या तोंडातच राहिलं. ती विहिरीकडे गेलीच नाही, सरळ जाळीकडे गेली. उचललेली जाळी पाहिली, चाक पाहिलं, आणि मागं वळली.

"काकू, जाळी कोनं उचलली?"

सूरजबाईच्या अंगावरून पाणी निथळत होतं. सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिला वाटलं. पण समोर अख्खी वस्ती उभी होती, खेमचंद छत्री घेऊन आला होता, आणि तिची पाचावर धारण बसली.

"पान्यानंच उचलली असंल वं," ती म्हणाली.

रुपाबाईनं चाकावर हात फिरवला. पाणी चाकाची अडकण काढत नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या रात्री सूरजबाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सात बेडूक, त्यातले दोन आधीच मेलेले. पाच. पाच जिवांसाठी चाळीस घरं. आणि वर खोटं, तेही कोणाशी? रोज हातानं सोडवून देणाऱ्या बाईशी. आयुष्यभर नेम पाळले, गाळून प्याले, मोजून खाल्लं, आणि शेवटी हे असं. तिला स्वतःची किळस आली.

सकाळी विहिरीपाशी साहेब आले. त्यांना फार काही विचारावं लागलं नाही. जाळीची बाई न सांगता गावाला गेली होती, जाळी वर होती, पाणी आत गेलं होतं. स्लॅबचं मोजमाप घ्यायला माणूस सोबतच होता. रुपाबाईनं कॅलेंडर पुढं केलं, साहेबांनी ते उघडलं नाही. "उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणाले. वस्तीतल्या बाया पाण्याचे रिकामे गुंड-हंडे घेऊन उभ्या होत्या.

"लेकीचं बाळंतपन सुचलं इले!" चंदाबाई कडाडली. "आता आमी पानी कोठून आनाव, इच्या मेडशीहून?"

रुपाबाई मान खाली घालून उभी होती.

"थांबा," सूरजबाई पुढं आली. "तिनं काई नाई केलं. जाळी मी उचलली. बेडकं मरून राह्यले होते म्हनून उचलली. रुपानं मले बजावलं होतं. काल मी खोटं बोलली. पाप माह्यं हाय, तिचं नाई."

मग मोहनसिंग हलकेच हसला.

"काकू, तुमच्यानं पान्याची बादली वढल्या जात नाई. थे चाक मले दोन्ही हातानं फिरत नाई, तुमी काय फिरवसान."

"अरे, ग्रीस लावलं होतं! विचार रुपाले. रुपा, सांग ना वं!"

रुपाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "काल सांगतलं असतं त कोनी आयकलं बी असतं, काकू," ती म्हणाली, कॅलेंडरची गुंडाळी केली आणि वस्तीकडे चालू लागली.

"आयकलं का?" चंदाबाई बायांकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "काल आपल्यासाठी गटारात उतरली, आज त्या रुपाचं पाप आपल्या आंगावर घेऊन राह्यली. देवमानूस हाय माय."

"नाई वं, नाई! मीच केलं!" सूरजबाई ओरडली.

चंदाबाई वाकली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. बाया रिकामे गुंड खाली ठेवून एकेक करून तिच्या पाया पडू लागल्या. सूरजबाईनं पाय मागं घ्यायला पाहिलं, पण मागं विहिरीचा कठडा होता.