अदबीनं विचारण्याचा वर्ग

बाईंना कुणाचं म्हणून कौतुक नव्हतं. एकोणीस वर्षं त्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर पोर्तुगीज शिकवत होत्या आणि तितकीच वर्षं विद्यार्थ्यांकडे बघून नाक मुरडत होत्या. स्वतः शिकल्या त्या पुस्तकातून, पण तोरा असा की भाषा जणू यांच्याच माहेरची. माणसाची लायकी त्या एका वाक्यावरून ठरवत: हॉटेलात वेटरला 'तुम्ही काय सुचवाल?' हे किती अदबीनं विचारता येतं. "उ के म रेकुमेंदा, पुर फावोर?" शेवटचं पुर फावोर, म्हणजे 'कृपया', विसरला की तो माणूस बाईंच्या लेखी संपला. रोज एकेकानं उठायचं, विचारायचं, पुरुषानं 'ओब्रिगादु', बाईमाणसानं 'ओब्रिगादा' म्हणून आभार मानायचे आणि बसायचं. वेटर काय उत्तर देईल, या भानगडीत बाई पडत नसत.

यंदा वर्गात एक पार्लरवाली होती. तिच्या गल्लीत पोर्तुगीज बोलणारी चार घरं. त्या घरांतल्या बायकांचे केस कापता कापता ही बोलायला लागलेली.

"धड कृपया म्हणता येत नाही, आणि म्हणे भाषा येते! डोंबल येते," बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या.

पण विद्यार्थी आटत चालले होते. वर्ग ठेवायचा की नाही, ठेवला तर कसा, हे ठरवायला संचालकांनी बाहेरून एक परीक्षक बोलावली. पोर्तुगीज तिची मातृभाषाच. बाईंनी पहिल्या बाकावर निवृत्त बँकवाले साहेब बसवले आणि पार्लरवालीला पार मागे धाडलं.

"मी वेटर आहे असं समजा," परीक्षक म्हणाली.

साहेब उठले. प्रश्न असा घोळवून विचारला की बाईंची मान ताठ झाली. परीक्षक उत्तर द्यायला तोंड उघडते तोच साहेब "ओब्रिगादु" म्हणून खाली बसले. मग दुसरे उठले, तिसऱ्या उठल्या. विचारलं, आभार मानले, बसले. परीक्षक नुसती बघत राहिली.

शेवटी पार्लरवाली. "उ के म रेकुमेंदा?" एवढंच. परीक्षक म्हणाली, मासा घ्या. ताजा आहे का, काटे फार नाहीत ना, हिनं खोदून खोदून विचारलं. दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की संचालकही खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले.

"पुर फावोर राहिलं!" बाई कडाडल्या.

परीक्षक बाईंकडे वळली. संचालकांशी दोन शब्द बोलली आणि मग अतिशय अदबीनं बाईंना पोर्तुगीजमध्ये एक लांबलचक प्रश्न विचारला. बाईंना त्यातलं पुर फावोर तेवढं कळलं. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

"ओब्रिगादा," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

पार्लरवाली मागून पुढे आली आणि वाकून हळूच म्हणाली, "बाई, त्या विचारतायत, पुढच्या वर्षी हा वर्ग कुणाकडे द्यावा? तुम्ही कुणाचं नाव सुचवाल?"