नऊ दिवस कमी पडले

जियंद आला तेव्हा मी तापल्या गोट्यावर कणीक लपेटत होते. आमच्या खारानची भाकरी अशीच होते. गोटा निखाऱ्यात लाल करायचा, त्याला कणकेचं पांघरूण घालायचं आणि आगीच्या कुशीत ठेवून द्यायचा. तेवढ्यात किल्ल्याच्या दरवाज्याची कडी वाजली. एकदाच वाजली, कारण धरणारा हात ती सोडतच नव्हता.

शंबे, माझा नवरा, त्या दरवाज्याचा राखणदार. त्याच्या आज्याला नवाबाच्या घराण्याने विकत आणलं होतं. आम्हाला जमीन नाही, उंट नाही, कुळाचं नाव नाही. पण जिवाच्या भीतीने कडी धरणाऱ्याला आत घ्यायचं आणि 'आता तू बाहोट, आमच्या आसऱ्याचा, तुझ्या जिवाआधी आमचा जीव' असं म्हणायचं, हा मान तीन पिढ्या आमच्या घरात होता. शब्द मालकाचा, तोंड आमचं.

शंबेने आपली चादर त्या तरण्याच्या खांद्यावर टाकली, शब्द म्हटले आणि मग विचारलं, "कुणाला मारलंस?"

"सब्जलला. बांध फोडण्यावरून जुंपली. फावडं हातात होतं, बाबा. मारायचं नव्हतं मला."

"बस. आधी पाणी पी."

जियंद आणि सब्जल एकाच कळपामागे वाढलेले होते. ऊन कलायच्या आत सब्जलचा बाप पीरदाद दोन मुलांना घेऊन आला आणि दरवाज्यासमोर झाऊच्या झाडाखाली बंदूक मांडीवर ठेवून बसला. जियंद आत आहे तोवर त्याने गोळी झाडायची नाही, जियंदने उंबरा ओलांडायचा नाही. चाळिसाव्या दिवशी पंच बसतील, जियंदची आत्या कुराण डोक्यावर घेऊन मेलेल्याच्या आईपुढे जाईल, आणि माफी की सूड, ते ती आई बोलेल. तोवर त्याला जिवंत ठेवणं आमच्याकडे होतं.

मी दुपारी दोन भाकऱ्या आत द्यायची आणि तीन बाहेर न्यायची.

"त्यांनाही?" शंबे म्हणाला.

"उपाशी माणूस माफी देत नाही. तू दार सांभाळ, चूल माझी."

पीरदादने भाकरी घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. "तुझ्या नवऱ्याला सांग, भाकरी खाल्ली म्हणून गोळी बोथट होत नसते."

"गोळीचं ठाऊक नाही," मी म्हटलं, "तुझे दात मात्र झालेत. ताकात भिजवून खा."

त्याने तोंड फिरवलं. दाढी हलली तेवढी मला दिसली.

जियंद दिवसभर खुरट्या ताडाच्या पात्यांचे दोर वळायचा. बोलायचा नाही. मी जात्यावर बसले की गायची, आणि एके सकाळी माझी ओळ संपल्यावर त्यानेच पुढची उचलली:

झाऊच्या सावलीला कोण बसलं उन्हात
माझ्या सोबत्याचा बाप, पाणी द्या गं वाडग्यात

भिंतीपलीकडे बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. मी जातं थांबवलं नाही.

असे अठ्ठावीस दिवस गेले. मग नायब आला. तो नवाबाचा कारभारी, आयुष्यभर घोड्यावरून बोललेला. त्या दिवशी पायी आला आणि आमच्या खाटेवर बसला.

"शंबे, रेडिओवर सांगितलं. संस्थान संपलं. खारान, मकरान, कलात, बेला, सगळं एका प्रांतात घातलं. गुरुवारी नवे साहेब येतील. किल्ल्या त्यांच्या हातात द्यायच्या."

"देईन. आणि बाहोट?"

नायबाने खिशातून कागद काढला, चष्मा शोधला, सापडला नाही, तसाच वाचू लागला. "गालिचे आहेत. बंदुका आहेत. तोफ एक, फुटकी. सांडण्या अकरा." त्याने कागद मिटला. "तो यात नाही, रे."

"मालकांना कळवा."

"मालक कराचीला. तिथून ते माझंच ऐकत नाहीत, तुझं काय ऐकणार?"

शंबे मुल्लाकडे गेला. मुल्ला म्हणाला, दुआ करतो. मग शंबे माझ्याकडे आला. "माहगंज, शब्द मालकाच्या नावाने दिला होता. मालकच राहिला नाही, तर शब्द कुणाचा?"

"तोंड कुणाचं होतं?"

तो दरवाज्याकडे गेला. कडीला तेल लावत बसला.

गुरुवारी, एकतिसाव्या दिवशी, ट्रक आला. साहेब लांबचा, उर्दू बोलणारा, वाळूने डोळे लाल झालेला. माणूस वाईट नव्हता. त्याने शंबेला खुर्ची देऊ केली आणि शंबे बसला नाही.

"नऊ दिवस द्या, वाजा साहेब," शंबे म्हणाला. "फक्त नऊ. पंच बसू द्या. मग हवं ते करा."

"खुनाचा आरोपी मी किल्ल्यात कसा ठेवू? उद्या मलाच विचारतील."

"मग मला न्या त्याच्या जागी. मी कुठे पळतोय?"

"बाबा, असं नसतं."

झाडाखालून पीरदाद उठला, बंदूक तशीच टाकून चालत आला. "साहेब, याला नेऊ नका. मारायचा की सोडायचा, ते आमच्या घराचं आहे."

साहेबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणाची बाजू कोणती, हे त्याला कळेना. "आता तो सरकारचा आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

शंबे दरवाज्यात जाऊन आडवा उभा राहिला. हातात काही नव्हतं, किल्ल्याही देऊन झाल्या होत्या. दोन शिपायांनी त्याला काखेत धरून, वाटेतली खाट सरकवावी तसं बाजूला ठेवलं. मारलं नाही, ढकललंही नाही. एकाने त्याची पगडी सावरून दिली. जियंद बाहेर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माई, दोर अर्धा राहिलाय. सुटू देऊ नका." शंबे ट्रकमागे कोरड्या नदीपर्यंत पळाला. परत आला तो पाय ओढत, आणि दरवाज्यातून आत न येता पीरदादच्या शेजारी झाडाखाली बसला.

चाळिसाव्या दिवशी पंच ठरल्याप्रमाणे बसले. जियंदची आत्या कुराण डोक्यावर घेऊन वाळूतून अनवाणी आली. नाझतल, सब्जलची आई, किती वेळ दाराआड उभी होती. मग तिने कुराण उतरवून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "सोडला. माझ्या पोराचा सोबती होता." पीरदादने मान खाली घातली. बकरं कापलं. पण ज्याला माफ केलं त्याला हे सांगायचं कसं?

दुसऱ्याच दिवशी शंबे आणि पीरदाद एका उंटावर बसून निघाले. पीरदाद पुढे, शंबे मागे. मी दोघांची शिदोरी एकाच फडक्यात बांधली.

सव्वा महिन्याने परतले. अख्खी वस्ती जमली. आमच्यात आलेल्याला आधी बसवतात, पाणी देतात, मग त्याचा हाल, म्हणजे सगळी खबर, मागतात. आणि सांगणाऱ्याने वाटेतलं काही गाळायचं नसतं. शंबेने गाळलं नाही. नुश्कीच्या कोठडीत जियंद नव्हता. तिथून आगगाडीने क्वेट्ट्याला. पहिल्या कचेरीत कारकून म्हणाला, मेलेल्याचा बाप तूच कशावरून? दुसऱ्या कचेरीत पीरदादने माफीचा अंगठा दिला, तेव्हा ते म्हणाले, कागद पुढे गेलाय. पुढे कुठे, ते तिसऱ्या कचेरीत ठाऊक असेल. तिसरी ईदसाठी बंद होती. घाटापलीकडच्या तुरुंगाच्या दारात चार दिवस बसले. पाचव्या दिवशी एकाने वही बघून सांगितलं, या नावाचा होता, हलवला. लाहोरकडे की मुलतानकडे, ते वहीत नाही. जवळची शिदोरी संपली. परतले.

बायकांमधून नाझतल पुढे झाली. पायांतल्या वहाणा पायांतच, ओढणी सरकलेली.

"म्हणजे मी सोडला ते त्याला कळलं नाही?"

"नाही, बहिणी."

"तो अजून धरूनच चाललाय की मी..."

"ठाऊक नाही."

पीरदाद भिंतीला टेकून बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले. नाझतल शंबेसमोर जमिनीवर बसली, मांडी घालून, बराच वेळ बसायचं ठरवून आल्यासारखी.

"काही राहिलं असेल तुझ्याकडून," ती म्हणाली. "पुन्हा सांग. नीट, पहिल्यापासून."

मी शंबेपुढे पाणी ठेवलं. त्याने ते प्यायलं नाही. नुश्कीच्या कोठडीपासून पुन्हा सुरुवात केली.